समोरून पाहिलेलं महेश्वर

“आडव्या पायानं! आडव्या पायानं उतरा हो, घाई करू नका!” मी खालून ओरडले आणि वरून अख्ख्या बसनं सुरात सूर मिसळला, “आडव्या पायानं!”

त्यात सगळ्यात खणखणीत आवाज कऱ्हाडच्या दुर्वेकाकूंचा. मांडूला एका बावडीत उतरताना मी हे पहिल्यांदा म्हटलं होतं, तेव्हापासून मंडळींना चाळाच लागला. पायरी दिसली की ह्यांचा कोरस सुरू. हॉटेलच्या जिन्यात, देवळाच्या उंबऱ्यावर, बसमधून उतरताना. रिटायर्ड हेडक्लार्क खांबेटेसाहेब एरवी गालातल्या गालातसुद्धा हसायचे नाहीत, तेही हळूच ओठ हलवायचे.

ही गोष्ट मोबाइल यायच्या आधीची. मी तेव्हा साताऱ्यातल्या एका लहानशा सहल कंपनीत टूर मॅनेजर होते. मॅनेजर आपलं म्हणायला. बॅगा मोजायच्या, कुणाला बिनसाखरेचा चहा ते लक्षात ठेवायचं, पुढच्या सीटवरून होणारी भांडणं मिटवायची आणि सगळे जेवले की उरलंसुरलं आपण खायचं, असं ते काम होतं. पण मला आवडायचं. माणसं घरातून निघताना कशी अंग चोरून बसतात आणि चार दिवसांत कशी मोकळी होतात, ते बघायला मला फार आवडायचं. अजूनही आवडतं.

ती सहल मध्य प्रदेशाची. देवदिवाळी नुकतीच झालेली. इंदूरला मंडळींनी पोहे-जिलबीवर ताव मारला, मांडूला जहाजमहाल पाहिला, गोरखचिंचेची ती अगडबंब फळं विकत घेऊन पिशव्या जड करून ठेवल्या. मग रूपमतीच्या महालाच्या गच्चीवर मी सगळ्यांना उभं केलं आणि लांब दक्षिणेला बोट दाखवलं.

“ती बारीक चकचकीत रेघ दिसत्ये ना? ती नर्मदा.”

“कुठंय गं? मला तर नुसतं धुकं दिसतंय,” दुर्वेकाकू म्हणाल्या.

मला मात्र दिसली होती. त्या रेघेच्या काठाकाठानं, कुठंतरी, माझे वडील चालत होते.

आणि ते माझ्याशी बोलत नव्हते.

ते आधी सांगते. आम्ही वाईचे. तात्या, म्हणजे माझे वडील, मोजणी खात्यात होते. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातली शेतं पायाखाली घालण्यात गेली, पण जिल्ह्याबाहेर म्हणून माणसानं कधी पाऊल टाकलं नाही. आणि मुलगी निघाली ती थेट काश्मीर, कन्याकुमारी करायला. तरीही सुरुवातीला ते कुरकुरत का होईना, मला एसटी स्टँडवर सोडायला यायचे. मग माझं लग्न ठरलं. फलटणचं स्थळ, मुलगा बँकेत, साखरपुडा झाला. त्यानंतर तिकडून निरोप आला की आता हे उंडारणं बंद करायचं. मी विचारलं, “आधी का नाही बोललात?” तिकडची माणसं म्हणाली, “त्यात बोलायचं काय, ते समजायचंच असतं.” मी नाही म्हटलं. साडी आणि अंगठी परत करायला तात्यांना जावं लागलं. त्या लोकांनी त्यांना आत बसासुद्धा म्हटलं नाही. भर दुपारी दारात उभं करून नाही नाही ते ऐकवलं.

घरी आले, खुंटीला टोपी लावली आणि म्हणाले, “गावोगाव फिर हवी तेवढी. मला मात्र तोंड दाखवू नकोस.”

तोंड काय, एका घरात राहून दिसायचंच. तेव्हा त्यांनी अबोला धरला. वाईतल्या आमच्या घरात अबोला म्हणजे पक्कं शास्त्र. सरळ बोलायचं नाही, मध्ये आई. “तिला म्हणावं, दूध उतू जातंय.” “आई, तात्यांना सांग, बघत्ये मी.” आई घरात नसली तर तात्या खुंटीशी बोलायचे. “कुणीतरी मागचं दार लावून घ्यावं.” मी उठून लावायची. दोन वर्षं हा खेळ चालला. आधी मला राग यायचा, मग हसू यायचं, आणि शेवटी शेवटी रात्री अंथरुणावर पडलं की नुसतं रडू यायचं.

आणि त्या वर्षी आमच्या निवृत्त तात्यांनी नर्मदा परिक्रमेचं खूळ डोक्यात घेतलं. मी राजस्थानच्या सहलीवरून परत आले तर माणूस घरात नाही. ओंकारेश्वराहून उठायचं, पायी पायी समुद्रापर्यंत जायचं, नदी फिरून पलीकडच्या काठानं उगमापर्यंत आणि तिथून परत. कुणाला वर्ष लागतं, कुणाला तीन. पुढं डोंगरातली वाट, तिथं ना फोन, ना पत्ता. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. मला एवढंच हवं होतं, जंगलात शिरण्याआधी त्यांनी एकदा माझ्याशी बोलावं. ‘विभावरी’ म्हणू देत, शिव्या देऊ देत, काहीही चालेल. पण मला म्हणू देत. आईला नको, खुंटीला नको.

इंदूरहून मी घरी फोन लावला, तर आई धापा टाकतच बोलायला लागली.

“अगं, ह्यांचा आला होता फोन! महेश्वरला आहेत. आठवडाभर चालले नाहीत तोच पायाला ही मोठी जखम. सोमवारपर्यंत तिथंच पडून राहणार आहेत.”

“आई, सोमवारी मी महेश्वरलाच आहे!”

“माहित्ये मला. कागद लावलाय तुझ्या सहलीचा फडताळाच्या दाराला. म्हणून तर त्यांच्यासाठी ती पिशवी दिली ना तुझ्याजवळ.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “त्यांना नाही हं सांगितलं मी, तू येणार ते. सांगितलं असतं तर लंगडत लंगडत पुढच्या गावाला गेले असते.”

तर असा तो सोमवार. महेश्वरच्या घाटावर मी मंडळींना उतरवत होते आणि डोळे मात्र भलतीकडं. पांढऱ्या कपड्यातला, हातात काठी घेतलेला कुणी दिसला की माझं बोलणं मध्येच तुटायचं.

“विभावरी, अगं, सोन्याचा पाळणा म्हणत होतीस, तो कुणाचा?” दुर्वेकाकूंनी कोपरानं ढोसलं. “तू आज आहेस कुठं?”

“श्रीकृष्णाचा, काकू. वर, राजवाड्याच्या देवघरात.”

मंडळी हातमागांवर गेली. साड्या बघायला बायका एकदा बसल्या की तास-दोन तास हलत नाहीत, हा सगळ्या सहलींचा अनुभव. तेवढ्यात मी सगळा घाट पालथा घातला. देवळांच्या ओवऱ्या पाहिल्या, एका आश्रमात डोकावले. शेवटी एका धर्मशाळेत दारातच तांदूळ निवडत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. असे असे, वाईचे, उंच, पायाला जखम.

“ओंकारेश्वर से उठे हैं? अभी दिवाली बाद?” त्यानं सूप खाली ठेवलं आणि हसला. “तो बेटी, इधर कहाँ ढूँढती हो? उस पार मिलेंगे. मैया दाहिने हाथ रहनी चाहिए ना.”

मी कपाळावर हात मारून घेतला. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची, ती कुठंही ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा तुटली. ओंकारेश्वराहून निघालेला माणूस आधी दक्षिण काठानंच चालणार. आणि महेश्वर उत्तर काठाला! पलीकडं मुक्काम असला तरी फोनवर माणूस मोठ्या गावाचंच नाव सांगतो. सकाळी बसमध्ये माईक हातात घेऊन हीच सगळी माहिती मी मंडळींना दिली होती, अगदी रंगवून. आणि आपल्या बापाच्या वेळी डोकं गहाण.

मी घाटावर येऊन पलीकडं बघत राहिले. एवढं मोठं पात्र, मध्ये बाणेश्वराचं इवलंसं देऊळ, आणि पलीकडं झाडी, थोडी कौलं, काठावर ठिपक्याएवढी माणसं. त्यातला एक ठिपका आपला. आणि जेवण झालं, नौकाविहार झाला की चारला बस ओंकारेश्वरला निघणार.

जेवायला मंडळी बसली. आमच्या सहलीबरोबर आमचा आचारी असायचा, त्या दिवशी त्यानं पुरणपोळी केली होती. मी वाढत होते.

“तोंड का उतरलंय तुझं?” दुर्वेकाकूंनी माझा हात धरला. “सकाळपासून बघत्ये. आणि मला थापा मारू नकोस, मी चार मुली वाढवल्यात.”

मी सांगून टाकलं. वाढता वाढता, तुपाचं भांडं हातात धरूनच. काकूंनी अर्धी पोळी पानात तशीच ठेवली आणि उभ्या राहिल्या.

“ऐका हो सगळे! आपल्या विभावरीचे वडील पलीकडच्या काठावर आहेत. परिक्रमेत आहेत. आपली बोट आज पलीकडं जाईल. कुणाची काही हरकत?”

“काकू, अहो, असं नको,” मी म्हटलं. “तुमचा सगळ्यांचा वेळ आहे हा. मी पुढंमागं कधीतरी...”

“तू गप्प बस गं!”

खांबेटेसाहेबांनी खिशातून कार्यक्रमपत्रिका काढली. ह्या माणसानं आदल्या दिवशी मला, ‘कागदावर चार स्थळं आहेत, तुम्ही तीनच दाखवलीत,’ म्हणून धारेवर धरलं होतं. आता त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं आणि घसा साफ केला.

“नौकाविहार, असं लिहिलंय. नाव कुठं न्यायची ते लिहिलेलं नाही.” त्यांनी कागदाची घडी घातली. “तेव्हा माझी तरी हरकत नाही.”

मोठी मोटारबोट होती, सगळे मावले. बाणेश्वराला वळसा घातला तेव्हा कुणी पाण्यात हात घातला, कुणी दिवा सोडला. मी पिशवी पोटाशी धरून बसले होते. पिशवीत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, हातानं विणलेला स्वेटर आणि कोकमतेलाचा गोळा. खुशाल निघाले तर होते, पण त्यांनी पाठ फिरवली म्हणजे? तीसेक माणसांसमोर?

“आणि बोललेच नाहीत तर, काकू?”

“मग आपण बोलू,” काकू म्हणाल्या.

पलीकडं दगडाच्या ओबडधोबड पायऱ्या होत्या आणि वर पिंपळाला पार. पारावर तात्या बसले होते. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. एक पाय पुढं पसरलेला, त्याला धोतराची चिंधी गुंडाळलेली. समोरच्या काठाकडं नजर लावून बसले होते, पण ती उंच होती, घाटावर. खालून चढून येणारी आम्ही माणसं त्यांच्या ध्यानातही आली नाहीत.

मी जवळ गेले. काय म्हणायचं ते ठरवलंच नव्हतं. तोंडातून आलं ते त्या काठावर सगळे जे म्हणतात ते.

“नर्मदे हर!”

“नर्मदे हर!” तात्यांनी चटकन उत्तर दिलं आणि मग वर पाहिलं.

समोर मी. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या बोलण्याला सरळ उत्तर आलं होतं, आणि आता ते परत घेता येत नव्हतं. परिक्रमेतल्या माणसाला कुणीही ‘नर्मदे हर’ म्हटलं तर त्यानं उलट म्हणायलाच हवं, तिथं राग-रुसवा चालत नाही. तात्यांचं तोंड उघडंच राहिलं. तेवढ्यात मागून दुर्वेकाकू, “नर्मदे हर!” मग खांबेटे, “नर्मदे हर!” मग एकेक करत सगळी बस. बिचारे तात्या एकेकाला हात जोडून उत्तर देत राहिले, आणि प्रत्येक वेळी एक डोळा माझ्याकडं.

सगळं झाल्यावर त्यांनी मान वळवली, ती काकूंकडं.

“तुम्ही तिच्या सहलीतल्या का?” त्यांनी विचारलं.

“तिच्या म्हणजे? ह्या उभ्या आहेत त्यांच्या का?” काकू म्हणाल्या. “हो तर.”

“व्यवस्था बरी असते ना?”

“घरी लेकीसुना नाही बघत एवढं बघते.”

तात्यांनी हं केलं. “तिला विचारा, तिच्या आईचं गुडघ्याचं कसंय.”

“काकू, तात्यांना सांगा, बरंय. आणि आईनं पिशवी दिलीय.”

“अरे देवा,” काकूंनी माझ्याकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं, आणि पदर खोचून मधोमध बसल्या. “बरंय म्हणते हो गुडघ्याचं. आणि पिशवी आहे.”

पिशवी उघडली गेली. “संग्रह चालत नाही म्हणावं परिक्रमेत,” तात्या म्हणाले. “मेतकूट, चटणी इथल्या आश्रमात देऊन टाकेन.” स्वेटर मात्र मांडीवर घेतला आणि त्याच्या बाहीवरून हात फिरवत राहिले. आईची वीण ती.

काकूंना वाटलं, आता बरं चाललंय. त्या उत्साहानं म्हणाल्या, “अहो, मग चला की आमच्याबरोबर बोटीतून! आज पुरणपोळ्या आहेत. दोन घास खा, बोट परत आणून सोडेल.”

खांबेटे कळवळून म्हणाले, “अहो बाई! त्यांना नदी ओलांडता येत नाही! सकाळी मॅडमनी सांगितलं नाही का बसमध्ये!”

काकूंनी जीभ चावली. आणि तात्या चक्क हसले. “तुमच्या बोटीत पाय ठेवला बाई, तर मला पुन्हा ओंकारेश्वरापासून सुरुवात.” मग समोर बघत म्हणाले, “तीन दिवस झाले, इथं बसून नुसतं बघतोय. दिसतं सगळं, कळत काही नाही. एवढी मोठी कमान कसली, कोण माणसं येतात, ती वर काय करतात.” थोडं थांबले. “तिला विचारा, ते काय काय आहे. तिचा धंदाच आहे तो.”

मी पारापाशी खाली बसले. त्यांचा पाय सरळ मांडीवर ओढून घेतला. त्यांनी काढून घेतला नाही. चिंधी सोडली. जखम सुकत आली होती, पण टाचांना भेगा म्हणजे भेगा. कोकमतेलाचा गोळा तळहातावर चोळून मऊ केला आणि टाचेला लावत लावत सांगायला लागले.

“काकू, तात्यांना सांगा, ती कमान म्हणजे किल्ल्याचा दरवाजा. त्यातून वर गेलं की अहिल्याबाईंचा राजवाडा. राजवाडा म्हणजे आपल्याला वाटतं तसा नाही हं. साधी लाकडी खांबांची पडवी, पांढरी गादी. माणूस आत गेला की आपोआप हळू बोलायला लागतो.”

काकूंनी तोंड उघडलं, पण तात्यांनी नुसता हात केला. ऐकू आलं होतं.

“मागच्या बाजूला रोज सकाळी गुरुजी बसतात मातीची शिवलिंगं करायला. सुपारीएवढी. शेकड्यानं करतात, पाटावर मांडतात, पूजा करतात आणि नदीत सोडून देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा.”

“रोज?” तात्यांनी काकूंना विचारलं.

“रोज,” मी म्हटलं. “आणि त्या डावीकडच्या घरांमधून खटखट खटखट हातमाग चालतात. तिथल्या साडीच्या काठावर नदीच्या लाटा विणतात. आईला मी ह्या वेळी घेतलीय एक, जांभळी. आणि घाटावरच्या त्या छत्र्या दिसतात ना, तिथं सकाळी लवकर जाऊन बसायचं. कुणी नसतं. बायका कपडे धुतात, गुरुजी जानवं घासतात, पोरं उड्या मारतात. ऊन हळूहळू पायऱ्यांवर येतं. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. मग वर बाजाराच्या तोंडाशी पोहे मिळतात, वर शेव घालून. ते खायचे.”

मी रोज बोलते तशीच बोलत होते, पण माझ्या लक्षात आलं की हे मी सहलीला सांगते तसं नव्हतं. पुढच्या वर्षी समुद्र गाठून, नदी फिरून, तात्या त्या काठानं महेश्वरात येतील, तेव्हा त्यांनी काय काय करायचं ते मी सांगत होते. त्यांनाही ते कळलं असावं. त्यांचा पाय माझ्या मांडीवर सैल पडला होता.

“तिला विचारा, पोहे इंदुरासारखेच का,” तात्या म्हणाले आणि वळून बघितलं.

काकू नव्हत्या. कधी उठून गेल्या कळलंच नाही. खाली पायरीवर सगळ्यांना घेऊन बसल्या होत्या, आमच्याकडं पाठ करून. पारावर आम्ही दोघंच. तात्यांची मोठी पंचाईत झाली. त्यांनी पिंपळाकडं पाहिलं, आमच्या खुंटीकडं पाहायचे तसं, आणि पिंपळालाच म्हणाले, “त्या पायऱ्या बऱ्याच उंच दिसतात.”

“उंच आहेत,” मी म्हटलं. “वयस्क माणसांना त्रास होतो. उतरताना मी सगळ्यांना...”

पुढचं वाक्य तोंडात आलं होतं, पण ते त्यांच्यासमोर म्हणायला मला जड गेलं. मी चिंधी नीट बांधायला घेतली.

खालून नावाड्यानं हाक मारली. ऊन कलायला लागलं होतं, अजून बाणेश्वराच्या पलीकडं बस, मग ओंकारेश्वर, मग खोल्या, मग सगळ्यांचं गरम पाणी. मी कोकमतेलाचा उरलेला गोळा त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी ठेवला. मी वाकून नमस्कार केला.

“नर्मदे हर, तात्या.”

“नर्मदे हर.”

बस, तेवढंच. मी मनाशी म्हटलं, हेही काही थोडं नाही. पाय मांडीवर ठेवू दिला, स्वेटर घेतला, ऐकून घेतलं. आणखी काय हवं? मंडळी एकेक करून बोटीत चढली होती, काकू माझ्याकडं बघून नुसत्या भुवईनंच विचारत होत्या, बोलले का? मी नाही म्हणून मान हलवली. डोळे पुसले, पुन्हा भरले, आणि त्या ओबडधोबड पायऱ्या भराभरा, सरळ, खाली बघायचं सोडून उतरायला लागले.

“विभे!”

मी दचकून थांबले.

“तिथं शेवाळ आहे. आडव्या पायानं उतर!”

आणि बोटीतून, सवयीनं, एका सुरात, अख्ख्या बसचा आवाज आला, “आडव्या पायानं!”

मग त्यांच्याही लक्षात आलं की आज हे मी म्हटलं नव्हतं. काकूंनी तोंडावर पदर धरला.

वाईला गणपतीच्या घाटावर मी लहान होते तेव्हा तात्या मला रोज संध्याकाळी न्यायचे. माझ्या चपला एका हातात, माझं बोट दुसऱ्या हातात. पायऱ्या माझ्या गुडघ्याएवढ्या. पावसाळ्यानंतर हिरव्यागार. “आडव्या पायानं, बाळा, घाई करायची नाही. नदी कुठं पळून जात नाही.” एका वेळी एक पायरी. खाली पोचेपर्यंत अंधार पडायचा.

मी वळून वर बघितलं. तात्या दुखऱ्या पायावर जोर देऊन पारावर उभे राहिले होते. माझ्याकडं नाही, त्या बोटीकडं बघत होते. कुठली कुठली ती माणसं, कऱ्हाडची, कोरेगावची, मिरजेची, आणि त्यांच्या तोंडी हे. त्यांचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता.

“ह्यांना कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं. मला. सरळ.

“तुम्हीच,” मी म्हटलं.

तात्यांनी स्वेटर तोंडाला लावला. मी एका पायरीवर उभी, पुढं जाववेना की मागं. खाली नावाडी सुकाणूवर हात ठेवून थांबला होता आणि चक्क खांबेटेसुद्धा घड्याळ बघत नव्हते.

मग त्यांनी तोंड पुसलं आणि काठीनं बोटीकडं खूण केली.

“जा आता, विभे,” ते म्हणाले. “तुझी माणसं खोळंबलीत.”

मी उतरले. आडव्या पायानं, एकेक पायरी करत.